मोहाखालची विहीर

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी पेटी आहे. तीन फूट लांब, आत चोवीस खण, दोन्ही बाजूंना पितळी कड्या. झाकणावर पांढऱ्या रंगात 'चांदा भूविज्ञान मंडळ' असं लिहिलेलं होतं. त्यातलं 'मंडळ' आता पुसलं गेलं आहे आणि बाकीचं वाचायला चांगला उजेड लागतो. पेटीच्या आयुष्यात सांगण्यासारखं काय घडणार, असं तुम्हाला वाटेल. मलाही तसंच वाटायचं. दगड आत घ्यायचे आणि झाकण मिटून बसायचं, एवढंच माझं काम होतं. पण एक गोष्ट माझ्या डोळ्यांदेखत घडली आणि ती सांगायला मला तोंड नव्हतं. पाच वर्षं ती माझ्या पोटात राहिली. आज ती सांगते.

माझा जन्म १९५२ सालचा. मूल गावच्या जंगलातला साग आणि चांद्याच्या मुखरू सुताराचे हात. मुखरू हा तोंडाचा फटकळ आणि हाताचा सोन्यासारखा माणूस. बायामाणसांच्या दागिन्यांना कोणी असे खण करत नाही आणि हे शहाणे लोक दगडांसाठी करून राहिले, असं तो सतरा दिवस पुटपुटत होता. तरी एकही खण त्याने वाकडा होऊ दिला नाही. मला पहिल्यांदा मंडळासमोर ठेवलं तेव्हा सगळ्यांनी खण उघडून मिटून पाहिले आणि मुखरू दाराशी उभा राहून दुसरीकडेच बघत होता. त्याला खूप आनंद झाला होता, हे मला कळलं.

मंडळ त्याच्या आदल्या वर्षी सुरू झालं होतं. सात जण होते. दोघे कोळशाच्या खाणीतले मोजणीदार, एक निवृत्त जंगल अधिकारी, एक डॉक्टर, दोन शाळामास्तर, आणि नागपूरच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारे एक प्राध्यापक. निवृत्त अधिकारी अध्यक्ष झाले. विज्ञान शिकवणारे देवाजी पिंपळकर गुरुजी चिटणीस झाले, म्हणजे कामं सगळी त्यांच्याकडे आली. आपल्या मुलखातून कोळसा जातो, लोखंडाचा दगड जातो, आणि इथल्या माणसाला आपल्या अंगणाखाली काय आहे ते ठाऊक नसतं, याची गुरुजींना फार चीड होती. मंडळाच्या वहीत पहिल्या पानावर त्यांनी एकच वाक्य लिहिलं होतं : जमिनीखाली जे आहे ते जमिनीवर राहणाऱ्याला कळलं पाहिजे. दर सभेच्या सुरुवातीला ते मोठ्याने वाचत आणि बाकीचे सहा जण शाळेतल्या मुलांसारखे हात बांधून ऐकत.

मंडळाचे तीन नियम होते. पहिला, दगड स्वच्छ धुतल्याशिवाय पेटीत ठेवायचा नाही, कारण मातीखाली दगडाचा खरा रंग कळत नाही. दुसरा, प्रत्येक दगडावर चिठ्ठी चिकटवायची आणि तिच्यावर जागा लिहायची. गुरुजी म्हणत, चिठ्ठी नसलेला दगड आणि रस्त्यावरचा गोटा सारखाच. तिसरा, पूर्ण खात्री झाल्याशिवाय लोकांना काही सांगायचं नाही. शिकलेल्या माणसांचे नियम असावेत तसे हे नियम होते. त्यात मला तेव्हा काही खोट दिसली नाही.

दगड धुण्याचं काम शालिकरामचं. तो मंडळाचा शिपाई, स्वयंपाकी आणि बैलबंडी हाकणाराही. हिवाळ्याच्या सुटीत गुरुजी दौऱ्यावर निघाले की मी बंडीत मागे, शालिकराम पुढे आणि गुरुजी बहुतेक वेळ पायीच. गावात शिरलो की लोक सोनं शोधणारे आले म्हणून गोळा होत. कोणी विचारलं, सापडलं का, तर शालिकराम गंभीर तोंड करून म्हणे, सापडलं, पण आमच्या गुरुजीले खोटं वाटते, म्हणून फेकून देल्लं. मग संध्याकाळी ओढ्यावर बसून तो एकेक दगड नारळाच्या शेंडीने घासत बसे, आई पोराला न्हाऊ घालते तसा. दगड असा चमकला पाहिजे की गुरुजींनी भिंगही काढू नये, असा त्याचा हट्ट. त्याला वाचता मात्र येत नव्हतं. चिठ्ठी गुरुजी लिहीत, खळ लावून गुरुजीच चिकटवत, आणि शालिकराम हात मागे घेऊन आदराने बघत राही.

१९५३ साली नागपूरच्या प्रदर्शनात मला मांडलं. मोठमोठी माणसं माझ्यावर वाकली. इतके स्वच्छ नमुने आम्ही पाहिले नाहीत, असं एकजण म्हणाला. गुरुजींनी लगेच शालिकरामला पुढे ओढलं आणि सांगितलं की हे यांचं काम. माझ्या सगळ्या आयुष्यातला तो सर्वांत चांगला दिवस होता. त्या दिवसानंतर शालिकराम दगड आणखी घासू लागला.

पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात आम्ही सिंदेवाहीच्या पलीकडे खैरटोल्याला गेलो. तलावाच्या काठावर वीस-पंचवीस घरं, ढिवरांची वस्ती. तलावात मासे धरायचे, पावसाळ्यात धान लावायचं, उन्हाळ्यात मजुरीला जायचं. त्या गावात मी पहिल्यांदाच असं पाहिलं की चाळिशीतला माणूस सरळ उभा राहू शकत नाही. इस्तारी नावाचा तिथला पट्टीचा मासेमार पाठीतून असा वाकला होता की समोरच्याशी बोलताना मान तिरपी करून वर बघायचा. पोरांच्या दातांवर तपकिरी रेघा. एका मुलाचे गुडघे आत वळलेले. गावातली म्हातारी माणसं म्हणत की तलावावरच्या मायचा कोप आहे.

इस्तारीची बायको भागीरथा मात्र तसं म्हणत नव्हती. ती गुरुजींच्या समोर येऊन बसली. मांडीवर दीड वर्षाची गोकुळा दूध पीत होती आणि तो गुडघे वळलेला मुलगा मागे उभा होता. भागीरथाने कितीतरी वर्षं मनाशी ताळा जमवला होता. या गावात सून म्हणून येणाऱ्या बाया सरळ येतात आणि पंधरा-वीस वर्षांत वाकतात. इथून लग्न होऊन गेलेल्या पोरी तिकडे सरळच राहतात. मायचा कोप असता तर तो गावाच्या पोरींच्या मागे गेला असता. मग इथंच राहणारं काय आहे? विहीर.

"माहा पोरगा असा झाला, धनी असा झाला," ती म्हणाली. "हे पोरगी आजून माह्या अंगावरच हाये, गुरुजी. हिनं इहिरीचं पानी पेलं नाई. चांगलं पानी भेटेपर्यंत मी हिले अंगावरून तोडत नाई."

 गुरुजींनी सांगितलं की तिचं म्हणणं खरं असू शकतं. काही दगडांतून पाण्यात असं काही उतरतं की ते दात आणि हाडं धरतं. कोणत्या दगडातून, ते नागपूरला तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. गावाला सरकारी योजनेतून एक नवी विहीर मंजूर झालेली होती. ती कुठे खणायची हे मंडळ सांगेल, पण त्यासाठी तीन ठिकाणी खोल खड्डे करून खालचा दगड काढावा लागेल.

गावाने ते खड्डे खणले. एक वस्तीलगत मोठ्या मोहाच्या झाडाखाली, तो पुरुषांनी. एक शाळेच्या झोपडीजवळ. आणि तिसरा दूर धानाच्या बांधावर, तो बायांनी, भागीरथा पुढे होऊन. वाकलेली माणसं टोपल्या उचलत होती. इस्तारीला खाली उतरता येईना, तर तो काठावर बसून दोर धरायचा. महिना लागला. तेवढ्यात गुरुजींना ताप भरू लागला. रोज दुपारी थंडी वाजून येई, ते घोंगडी पांघरून खड्ड्याच्या तोंडाशी बसत आणि खालचा दगड लागला का विचारत राहत.

दगड लागले ते एकाच दिवशी. शालिकराम दोराने खाली उतरला आणि प्रत्येक खड्ड्यातून एकेक मोठा तुकडा वर घेऊन आला. मोहाखालच्या दगडात जांभळी रेघ होती. बांधावरचा काळसर, साधा. शाळेजवळचा करडा. धुवायला वेळ नव्हता, गुरुजी तापाने कापत होते. त्यांनी चिखलाच्याच दगडांवर, जिथं थोडी कोरडी जागा मिळाली तिथं, तीन चिठ्ठ्या चिकटवल्या. मोह. शाळा. बांध. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी स्वतःचा नियम मोडला. जांभळ्या रेघेवरून त्यांनी अंगठा फिरवला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरून मला वाटलं की त्यांना कळलं आहे. पण तिसरा नियम आठवून ते गप्प राहिले. तेव्हा एक शब्द बोलले असते तर!

चांद्याला पोहोचल्यावर गुरुजी उठले नाहीत. ताप डोक्यात गेला. शालिकराम पायाशी बसून असे, कलाबाई, म्हणजे गुरुजींची बायको, कपाळावर ओली पट्टी ठेवत. शेवटच्या दिवशी त्यांनी शालिकरामला एवढंच सांगितलं की पेटी तेवढी नागपूरला पोहचव, लोक वाट पाहून राहिले. दुसऱ्या दिवशी ते गेले. डॉक्टरसाहेब रडले, अध्यक्ष रडले. शालिकराम रडला नाही. तो माझ्याजवळ आला आणि त्याने झाकण उघडलं.

त्याला तीन चिखलाचे दगड दिसले. गुरुजींची शेवटची पेटी, आणि तिच्यात न धुतलेले दगड. नागपूरचे लोक काय म्हणतील? पिंपळकर गुरुजींचे नमुने घाणेरडे होते म्हणतील. हे त्याला सहन होईना. मित्रांनो, त्याने जे केलं ते प्रेमाने केलं, हे आधी लक्षात घ्या आणि मग पुढचं ऐका. त्याने तिन्ही दगड रामाळा तलावावर नेले आणि नारळाच्या शेंडीने घासले. चिठ्ठ्या भिजून सुटल्या. त्या त्याने फाटू दिल्या नाहीत. अलगद सोडवून सदऱ्यावर वाळत घातल्या. घरी येऊन शिजलेल्या भाताची शितं चोळली आणि गुरुजी जिथं चिकटवत बरोबर तिथं, दगडाच्या डाव्या अंगाला, एकेक चिठ्ठी चिकटवली. प्रत्येक दगडाला चिठ्ठी लागते, हे त्याला पक्कं माहीत होतं. कोणत्या दगडाला कोणती, हे त्याला कोणी कधी सांगितलं नव्हतं.

शाळेची चिठ्ठी शाळेच्या दगडावर बसली. मोहाची चिठ्ठी काळ्या दगडावर गेली, आणि बांधाची चिठ्ठी जांभळ्या रेघेवर. मी पाहत होते. खण माझे, दगड माझ्या ओळखीचे. त्या दिवशी मला तोंड हवं होतं. लाकूड उन्हाने तडकतं, पावसाने फुगतं, पण ऐन वेळी त्याला आवाज करता येत नाही.

नागपूरला प्राध्यापकांनी दगडांच्या कपच्या काढून कुटल्या, तपासल्या, दगड पुन्हा माझ्यात ठेवले आणि आपलं काम अगदी चोख केलं. अहवालात लिहिलं : बांधावरची जागा अत्यंत घातक, शाळेजवळची संशयास्पद, मोहाखालची निर्दोष. मार्चच्या सभेत अहवाल वाचला तेव्हा सगळ्यांनी उभं राहून गुरुजींना श्रद्धांजली वाहिली. मंडळाच्या पत्रिकेत पहिल्या पानावर ते छापून आलं. मंडळाने एका गावाला रोगापासून वाचवलं, असं त्यात होतं. शालिकरामने ती पत्रिका कोणाकडून तरी वाचून घेतली आणि गुरुजींच्या फोटोपुढे ठेवली. पण मोहाखाली, बांधावर, ही नावं वाचणाऱ्याने गाळली, कारण ती त्याच्या दृष्टीने महत्त्वाची नव्हती.

त्याच उन्हाळ्यात मोहाखाली विहीर झाली. घरापासून जवळ, पाणी गोड. खैरटोल्याहून वारलू नावाचा बंडीवाला चांद्याला आला तेव्हा त्याने भागीरथाचा निरोप आणला : पोरीले तोडलं. आता नव्या इहिरीचंच पानी पाजून राह्यलो. गुरुजीच्या घरी सांगा.

कलाबाईंनी तो निरोप ऐकून डोळे पुसले आणि वारलूला जेवायला वाढलं. मी शेजारच्या खोलीत होते.

पुढच्या वर्षी राज्यांची फेररचना झाली. चांदा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला. कोणाची बदली जबलपूरला झाली, कोणाची भोपाळला. खाणीतले दोघे नोकरी बदलून गेले. सभेला चार जण यायचे ते दोन झाले, मग सभाच होईना. जमिनीखालचं कळलं पाहिजे हे वाक्य वाचायला कोणी उरलं नाही. मला शाळेच्या अडगळीत ठेवलं. शालिकरामला त्याच शाळेत शिपायाची नोकरी मिळाली होती, म्हणून तो आठवड्यातून एकदा माझ्यावरची धूळ पुसायचा. बाकी कोणी फिरकत नव्हतं. अडगळीचं मला दुःख नव्हतं. आतल्या तीन दगडांचं होतं.

१९५९ साली शाळेच्या ओसरीत मोठ्या माणसांसाठी साक्षरतेचा वर्ग निघाला. शालिकराम पंचेचाळिशीत पाटी घेऊन बसला. पोरं त्याला चिडवत, तोही हसे. सहा महिन्यांत त्याला जोडाक्षरांशिवायचं सगळं वाचता येऊ लागलं. मग एका रविवारी तो माझ्याकडे आला, हात धुऊन, देवाची पोथी उघडावी तसा. गुरुजींचं अक्षर त्याला आता वाचायचं होतं. त्याने एकेक खण ओढला. लोहारा. घुगूस. माणिकगड. बोट फिरवून मोठ्याने वाचत होता आणि खूश होत होता. मी आतल्या आत म्हणत होते की थांब, पुढचे खण उघडू नकोस. आणि उघड, असंही म्हणत होते.

त्याने जांभळ्या रेघेचा दगड हातात घेतला. तो दगड त्याने स्वतः मोहाखालून वर आणला होता, दोराने हात सोललेले होते, ते तो कसा विसरेल. त्याने चिठ्ठीवर बोट ठेवलं. बां... ध. बांध. त्याने पुन्हा वाचलं. मग काळा दगड काढला. मो... ह. नवी विहीर मोहाखाली झाली हे त्याने वारलूकडून ऐकलं होतं, आणि त्या चिठ्ठीचा दगड मोहाखालचा नव्हताच.

तो तिथंच जमिनीवर बसला. दुपार झाली, संध्याकाळ झाली, तो उठला नाही.

दुसऱ्या दिवशी तो अध्यक्षांकडे गेला आणि मला पुराव्यासाठी हातगाडीवर घेऊन गेला. अध्यक्ष आता फार म्हातारे झाले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "मंडळाची शेवटची सभा होऊन तीन वर्षं झाली, शालिकराम. आता दुरुस्ती छापायची कुठे?"

"छापाची गोष्ट नाई, साहेब," शालिकराम म्हणाला. "पोरगी पानी पेऊन राह्यली."

अध्यक्षांनी मान खाली घातली.  मला त्यांचा राग आला नाही, कीव आली.

मग शालिकराम मला घेऊन चांदा फोर्ट स्टेशनवरून लहान रुळांच्या गाडीने सिंदेवाहीला आला, आणि तिथून वारलूच्या बंडीत खैरटोल्याला.  दुपारची वेळ होती. भागीरथा दारात जाळं विणत बसली होती. तिची स्वतःची पाठ आता पुढे झुकू लागली होती. शालिकरामला पाहून ती उठली, आनंदाने, आणि गोकुळाला हाक मारून तिने त्याच्यासाठी पाण्याचा गडवा आणायला सांगितलं. गोकुळा आली. साडेसहा वर्षांची. समोरचे दुधाचे दात पडून नवे आले होते. तिने गडवा पुढे केला आणि ओळख नसतानाही हसली. नव्या दातांवर तपकिरी रेघा होत्या.

शालिकरामने गडवा घेतला नाही. त्याने मला उघडलं, तिन्ही दगड अंगणात मांडले आणि सगळं सांगितलं. धुतलं कसं, चिकटवलं कसं, सगळं. एकही शब्द त्याने स्वतःच्या बाजूने सांगितला नाही. इस्तारी मान तिरपी करून त्याच्याकडे बघत होता. शेजारपाजारची माणसं जमली. कोणी शिवी दिली असती तर बरं झालं असतं, पण कोणी दिली नाही.

भागीरथाने जांभळ्या रेघेचा दगड हातात घेतला. "याचे गोटे पोरं खेळतेत," ती म्हणाली. "इहीर खणतानी लय निंगाले." मग तिने गोकुळाच्या हातातला गडवा घेतला आणि अंगणात उपडा केला. आत गेली, चुलीजवळची घागर आणली, तीही ओतली. "चार वरसं मी दुसऱ्या कोन्त्या पान्याचा थेंब हिच्या तोंडाले लागू देल्ला नाई, भाऊ," ती म्हणाली.

पाणी वाहत माझ्या पायाशी आलं. गोकुळा आईच्या लुगड्याला धरून उभी होती. तिला कशाचाच अर्थ लागत नव्हता.

"मंग मी काय पिऊ, माय?" तिने विचारलं.

 भागीरथाने रिकामी घागर उचलून बांधाच्या वाटेकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बांधावरचा बुजलेला खड्डा लोकांनी पुन्हा उकरायला घेतला. या वेळी सरकारी मंजुरी नव्हती आणि नागपूरचा अहवालही नव्हता. काळ्या दगडाखाली शालिकराम सगळ्यात आधी उतरायचा आणि सगळ्यात शेवटी वर यायचा. शाळेची नोकरी गेली, तो परत चांद्याला गेलाच नाही. होळीच्या सुमारास पाणी लागलं. आता गाव तेच पाणी पितं. दूर आहे, पण तक्रार कोणी करत नाही. त्यानंतर जन्मलेल्या पोरांचे दात पांढरे येतील, असं सगळ्यांना वाटतं. मलाही वाटतं.

मी आता भागीरथाच्या घरी आहे. माझ्या खणांत जाळ्याचे मणी, सुतळी, गळ ठेवलेले असतात आणि मला माशांचा वास येतो. मला त्याचं काही वाटत नाही. गोकुळा रोज मला उघडते. ती मोठी होते आहे, गुणाची पोर आहे, पण हसताना तोंडावर हात ठेवते. तिच्या दातांवरच्या रेघा घासून जाणार नाहीत, हे तिला आईने सांगितलं आहे.

मित्रांनो, तुम्ही पुढे शिकाल, मंडळं काढाल, पेट्या कराल, त्यांत दगड ठेवाल. दगडांची काळजी घ्या म्हणून मी सांगत नाही, ती तुम्ही घ्यालच. माझ्या मंडळातली माणसं चांगली होती. त्यांनी चार वर्षं प्रत्येक दगडाला नाव दिलं, आणि ते दगड धुणाऱ्या माणसाला त्यातलं एकही नाव वाचता येत नाही, हे कोणाच्या मनाला लागलं नाही. कोणता दगड कुठला, हे त्याला सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होतं, आणि त्याला कोणी विचारलं नाही. म्हणून एवढंच मागते. चिठ्ठी लिहाल तेव्हा, ज्याने तो दगड खालून वर आणला, त्याला ती एकदा वाचून दाखवा.